हिब्रू संदेष्ट्यांच्या वाणीतील निसर्ग आणि ईश्वरी सत्ता : दुष्काळ, भूकंप व पर्जन्य यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

प्राचीन इस्राएलच्या भूमीला नाईलसारखी नदी लाभली नव्हती. यार्देन नदी समुद्रसपाटीच्याही खाली, खोल खचदरीतून वाहते. डोंगरमाथ्यावरील शेतीला तिचे पाणी उपयोगी पडत नसे. यरुशलेमच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दक्षिणेकडे बैरशेबा येथे तो 200 मिलिमीटरपर्यंत उतरतो, आणि तोही ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांतच. हंगामाच्या पहिल्या पावसाला हिब्रूत 'योरे' व अखेरच्या पावसाला 'मलकोश' अशी स्वतंत्र नावे आहेत. पहिला चुकला तर पेरणी खोळंबते, दुसरा चुकला तर दाणा भरत नाही. तोराच्या पाचव्या ग्रंथात, म्हणजे मराठी भाषांतरातील 'अनुवादा'त, या भूमीची तुलना मिसरशी केली आहे. तेथे मनुष्य पायाने पाणी देऊन मळा पिकवतो, तर येथील जमीन आकाशातील पाणी पिते, असे तेथे म्हटले आहे. लगेच पुढे आज्ञापालन आणि वेळेवरचा पाऊस यांचा संबंध जोडला आहे. निसर्गावरील ईश्वरी सत्तेचा हिब्रू विचार या कोरडवाहू भूमीत रुजला, हे ध्यानात घेतल्याशिवाय संदेष्ट्यांच्या वाणीचा अर्थ लागत नाही.

'संदेष्टा' या शब्दाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. मूळ हिब्रू शब्द 'नाबी' असा असून अक्कादी भाषेतील 'नबू', म्हणजे हाक मारणे, या धातूशी त्याचे नाते सांगितले जाते. मराठीत 'भविष्यवादी' आणि 'संदेष्टा' हे दोन्ही शब्द रूढ झाले. त्यांपैकी दुसरा अधिक यथार्थ होय. नाबीचे मुख्य काम पुढचे सांगण्याचे नव्हते. घडून गेलेल्या आणि घडत असलेल्या गोष्टींचा जाब विचारणे, हे त्याचे काम होते. दुष्काळ, टोळधाड, भूकंप या घटना त्याच्या बोलण्यात येतात त्या या जाबाच्या संदर्भात. मात्र येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. आपत्ती ही जर ईश्वराची वाणी असेल, तर त्या आपत्तीत जे मरतात त्यांच्याविषयी ही वाणी काय म्हणते? श्रद्धावंतांच्या दृष्टीने संपूर्ण विषयाचे मर्म या प्रश्नात आहे.

एलीया आणि मेघारूढ बआल

इ.स.पू. नवव्या शतकात उत्तरेकडील इस्राएल राज्यावर अहाब राज्य करीत होता. सीदोनी राजा एथबाल याची कन्या ईजबेल ही त्याची राणी. तिच्यासमवेत बआल या देवतेच्या उपासनेला राजाश्रय मिळाला. ही देवता नेमकी कोणती, याविषयी अभ्यासकांना दीर्घकाळ बायबलमधील प्रतिकूल उल्लेखांवरच विसंबून राहावे लागत होते. 1928 साली सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा येथे एका शेतकऱ्याच्या नांगराला प्राचीन थडग्याचा दगड लागला. 1929 पासून क्लोद शेफर यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झाले आणि उगारित हे नगर व त्याच्या मातीच्या पाटिकांचा संग्रह उजेडात आला. या पाटिकांत बआल हा 'मेघांवर आरूढ होणारा' देव आहे. समुद्रदेव याम याच्यावर तो विजय मिळवतो, मृत्युदेव मोत याच्या जबड्यात सापडतो आणि पुन्हा जिवंत होतो. अकहात नावाच्या वीराच्या कथेत बआल सात-आठ वर्षे नाहीसा होतो आणि त्या काळात दव नाही, पाऊस नाही, अशी अवस्था ओढवते.

'राजे' या ग्रंथातील एलीयाची कथा या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिची धार कळते. एलीया अहाबासमोर येऊन शपथ घेतो ती नेमकी दव आणि पाऊस यांविषयी. ज्या क्षेत्रात बआलाची सत्ता निर्विवाद मानली जात होती, त्याच क्षेत्रात त्याला आव्हान दिले जाते. त्यानंतरची घटना अधिक बोलकी आहे. करीथ ओढा आटल्यावर एलीया जातो तो सीदोनच्या मुलखातील सारफथ गावी, म्हणजे बआलाच्या स्वतःच्या प्रदेशात. तेथे एक विधवा शेवटच्या मूठभर पिठाची भाकर करून मुलासह मरणाची वाट पाहत असते. तिच्या घरी पीठ आणि तेल संपत नाही. बआलाच्या भूमीत बआल आपल्या भक्तांना पोसू शकत नाही आणि यहोवा मात्र परक्या स्त्रीला पोसतो, असा हा प्रसंग आहे. सामर्थ्याचे पहिले प्रत्यंतर राजवाड्यात न येता परधर्मीय विधवेच्या पिठाच्या मडक्यात येते.

दुष्काळ ऐतिहासिक होता काय? पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने इफिससच्या मेनांदर या लेखकाचा हवाला देऊन एथबालाच्या कारकिर्दीत फिनिशियात एक वर्ष पाऊस पडला नाही, अशी नोंद केली आहे. बायबलमधील कालावधी याहून मोठा आहे. तथापि दोन स्वतंत्र परंपरांनी एकाच पिढीतील अवर्षणाची स्मृती जपावी, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. आणखी एक तपशील लक्षणीय आहे. दुष्काळात अहाब देशभर हिंडतो तो घोडे आणि खेचरे जगवण्यासाठी चारा शोधत. असीरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या कुर्ख येथील शिलालेखात इ.स.पू. 853 मधील कर्करच्या लढाईत अहाबाचे 2000 रथ होते असे म्हटले आहे. ही संख्या फुगवलेली असेल, परंतु अहाबाचे बळ रथदळात होते एवढे त्यावरून दिसते. उपाशी विधवा आणि घोड्यांच्या चाऱ्याची चिंता वाहणारा राजा यांची चित्रे कथाकाराने एकापाठोपाठ ठेवली आहेत, त्यावर भाष्य केलेले नाही. त्याची आवश्यकताही नव्हती.

कर्मेल डोंगरावरील सामना सर्वपरिचित आहे. बआलाचे 450 संदेष्टे आपल्या देवाला हाका मारतात, अंगावर जखमा करून घेतात. उगारितच्या पाटिकांत बआलाच्या मृत्यूची वार्ता ऐकून एल हा देव अशाच रीतीने स्वतःला ओरखडून शोक करतो. एलीयाच्या वेदीवर अग्नी उतरतो, आणि नंतर समुद्राकडून तळहाताएवढा ढग वर येतो. परंतु याच कथेत किशोन ओढ्याकाठी त्या संदेष्ट्यांची कत्तल होते. भक्तिपर विवेचनात हा भाग बहुधा झाकला जातो. सत्तेचे प्रदर्शन रक्तपातात संपले, हे कथा लपवीत नाही. शिवाय त्या प्रदर्शनाने काही साधले असेही ती सांगत नाही, कारण पुढच्याच अध्यायात ईजबेल तितकीच प्रबळ आहे आणि एलीया जीव घेऊन पळत आहे.

होरेब पर्वतावरील प्रसंग म्हणूनच निर्णायक ठरतो. डोंगर फोडणारा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो. या तिहींत यहोवा नव्हता, असे कथा तीन वेळा बजावते. नंतर जवळजवळ न ऐकू येणारा मंद स्वर येतो. वारा, कंप आणि अग्नी ही वादळदेवाच्या दर्शनाची ठरीव चिन्हे होत. फ्रँक मूर क्रॉस यांनी 1973 मधील आपल्या ग्रंथात या प्रसंगाचा अर्थ बआलसदृश दर्शनाचा जाणीवपूर्वक अव्हेर असा लावला. हे मत ग्राह्य वाटते, मात्र त्याला एक मर्यादा घालावी लागते. निसर्गावरील सत्ता येथे नाकारलेली नाही. वारा आणि भूकंप यहोवाच्या पुढेच चालतात. ती सत्ता आणि यहोवाचे स्वरूप या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेच कथेला म्हणायचे आहे. वादळ पाहून देव ओळखता येतो, हा समज येथे मोडला जातो, आणि तो एलीयाचाच मोडला जातो.

आमोसचा भूकंप

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी तकोवा गावचा मेंढपाळ आमोस उत्तरेकडील बेथेलच्या मंदिरात जाऊन उभा राहिला. दुसरा यराबाम तेव्हा इस्राएलवर आणि उज्जीया यहूदावर राज्य करीत होता. व्यापार वाढला होता, सरहद्दी विस्तारल्या होत्या. आमोसच्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात त्याचा काळ भूकंपाच्या दोन वर्षे आधीचा असा दिला आहे. राजांच्या कारकिर्दीबरोबर भूकंपावरून काल सांगणे ही हिब्रू वाङ्मयातील असाधारण गोष्ट होय. काही शतकांनंतरच्या जखऱ्याच्या ग्रंथातही उज्जीयाच्या दिवसांत लोक भूकंपाने पळाले त्याची आठवण निघते.

पुरातत्त्वाने या स्मृतीला बराच आधार दिला आहे. यिगाएल यादिन यांनी 1950 च्या दशकात हासोर येथे केलेल्या उत्खननात सहाव्या थरातील भिंती एकाच दिशेला कललेल्या व कोसळलेल्या आढळल्या. गेझेर आणि गथ या स्थळांवरूनही त्याच काळातील हानीचे पुरावे पुढे आले. 2000 साली स्टीव्हन ऑस्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या भूकंपाची तीव्रता 8 च्या जवळपास असावी असे अनुमान मांडले. 2021 साली यरुशलेमच्या 'दावीदनगर' भागात इ.स.पू. आठव्या शतकातील कोसळलेल्या घरातील फुटक्या भांड्यांची रास सापडल्याचे इस्राएलच्या पुरावस्तू विभागाने जाहीर केले; तेथे आगीच्या खुणा नव्हत्या, त्यामुळे विध्वंसाचे कारण आक्रमण नसून भूकंप असावे असा तर्क केला गेला. युद्धातील आणि भूकंपातील पडझड यांत भेद करणे नेहमीच सोपे नसते, हे मान्य करूनही एका मोठ्या भूकंपाची शक्यता आता दृढ झाली आहे.

आमोसच्या शब्दांना याच भूकंपाने प्रामाण्य मिळवून दिले असावे. बेथेलच्या पुरोहिताने त्याला हाकलून दिले होते. दोन वर्षांनी जमीन हादरली तेव्हा हाकललेल्या माणसाचे बोलणे लोकांनी पुन्हा आठवले आणि लिहून ठेवले, अशी कल्पना करणे अप्रस्तुत नाही. पण त्याचे बोलणे होते कशाविषयी? आठव्या अध्यायात धान्याचे व्यापारी सण केव्हा संपतो आणि दुकान केव्हा उघडतो याची वाट पाहतात. माप लहान करतात, वजन जड करतात, धान्यात भूस मिसळून विकतात, पायतणाच्या जोडीसाठी गरिबाला विकत घेतात. आणि लगोलग प्रश्न येतो की यामुळे भूमी कापू नये काय. भूकंपाचे कारण म्हणून खोट्या मापाचा निर्देश करणारे दुसरे वचन प्राचीन वाङ्मयात सहसा आढळणार नाही. विधीतील चूक, मंदिराची उपेक्षा, देवतेचा रुसवा ही कारणे शेजारच्या संस्कृतींना परिचित होती. आमोसने देवाच्या कोपाचे स्थान धान्यबाजारात नेले.

ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात दुष्काळ, अनिश्चित पाऊस, पिकावरील तांबेरा, टोळ, रोगराई यांची मालिका येते. एका गावी पाऊस पडला आणि दुसऱ्या गावी नाही, तहानलेले लोक लडखडत शेजारच्या गावाकडे गेले, हे वर्णन शेती जवळून पाहिलेल्या माणसाचे आहे. प्रत्येक आपत्तीनंतर लोक परत फिरले नाहीत, अशी खंत ध्रुवपदासारखी येते. येथे प्रस्तुत विषयाची अडचण सर्वांत तीव्र होते. खोटी मापे वापरणारे श्रीमंत होते. दुष्काळात आधी मेले असतील ते गरीब. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच अन्यायाची शिक्षा मिळावी, हा कोणता न्याय?

आमोसच्या ग्रंथाला ही अडचण अज्ञात नव्हती. सातव्या अध्यायात त्याला टोळांचे दर्शन होते, आणि हे टोळ राजाची कापणी झाल्यानंतरच्या वाढीवर येतात असे स्पष्ट म्हटले आहे. पहिले गवत राजाच्या जनावरांचे. मागाहून उगवणारे प्रजेचे. म्हणजे टोळ खाणार ते प्रजेचा वाटा. हे पाहताच इतका कठोर बोलणारा आमोस देवापुढे गयावया करतो, याकोब लहान आहे, तो कसा टिकेल असे विचारतो, आणि देव ते संकट मागे घेतो. अग्नीच्या दर्शनातही तसेच घडते. नाबीला आपत्तीचा अर्थ सांगण्याचा अधिकार आहे, पण तो आपत्तीच्या बाजूने उभा राहत नाही. नंतरच्या काळात या ग्रंथाचा आधार घेऊन दुसऱ्यांच्या संकटाला शिक्षेचे नाव देणाऱ्यांनी चौथा अध्याय वाचला आणि सातवा सोडला, असे खेदाने म्हणावे लागते.

टोळ, वाळूची मर्यादा आणि हद्दपारी

योएलच्या ग्रंथाचा काळ अनिश्चित आहे. टोळांसाठी तो गाझाम, अर्बे, येलेक, हासील अशी चार नावे वापरतो. ते चार प्रकार की वाढीच्या चार अवस्था, यावर मतभेद आहेत. 1915 साली यरुशलेमवर मोठी टोळधाड आली, तेव्हा जॉन व्हायटिंग यांनी लिहिलेला वृत्तान्त योएलच्या वर्णनाशी जागोजागी जुळतो. योएल पापाची यादी देत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. लोकांनी वस्त्रे नव्हे तर अंतःकरणे फाडावीत एवढेच तो मागतो, आणि अभयवचन देतो ते मनुष्यांच्याही आधी भूमीला व रानातील पशूंना.

यिर्मयाने निसर्गाच्या नियमिततेकडे लक्ष वेधले. समुद्राला वाळूची मर्यादा घालून दिली आहे, लाटा गर्जतात पण ती ओलांडत नाहीत. मनुष्य मात्र आपली मर्यादा ओलांडतो. पुढे तो दिवस व रात्र यांच्याशी ईश्वराने केलेल्या कराराची भाषा बोलतो. सत्तेचे लक्षण म्हणून येथे चमत्कार येत नाही. रोजचा सूर्योदय येतो. बुद्धिवादी वाचकाला सर्व संदेष्ट्यांत यिर्मया जवळचा वाटावा तो याच कारणाने.

इ.स.पू. 587-86 मध्ये यरुशलेम पडले आणि यहूदी उच्चवर्ग बाबेलला नेला गेला. तेथे प्रत्येक नववर्षाला मर्दुकाने तियामत या सागररूपी राक्षसीला मारून सृष्टी रचल्याचे काव्य गायिले जाई. जिंकणाऱ्यांचा देव सृष्टीचा स्वामी, हा निष्कर्ष पराभूतांना उघड्या डोळ्यांनी दिसत होता. यशयाच्या ग्रंथाचे 40 ते 55 हे अध्याय या परिस्थितीत रचले गेले, हे मत 1892 मधील बर्नहार्ड दूम यांच्या भाष्यापासून सर्वत्र मान्यता पावत गेले. या अध्यायांत समुद्र ओंजळीने मोजणारा, ताऱ्यांना नावाने हाका मारणारा ईश्वर येतो. बाबेलमध्ये तारे हे देवांचे संकेत मानले जात. येथे ते हजेरी देणारे सैनिक झाले. गेऱहार्ड फॉन राड यांनी 1936 मधील प्रसिद्ध निबंधात सृष्टिविचार हा हिब्रू धर्मात मुक्तिविचाराचा दुय्यम सहायक आहे असे प्रतिपादले. रक्त आणि भूमी यांचे दैवतीकरण चाललेल्या तत्कालीन जर्मनीत या भूमिकेला विशेष निकड होती, हे समजण्यासारखे आहे. तरीही बाबेलमधील संदेष्ट्याला ती पुरती लागू पडत नाही. ज्यांचे राज्य, मंदिर आणि इतिहास हिरावला गेला त्यांच्यापाशी ईश्वराचा पुरावा म्हणून आकाशाखेरीज उरले काय होते?

याच संदेष्ट्याने प्रकाश आणि अंधार, स्वास्थ्य आणि अरिष्ट या सर्वांचा कर्ता एकच आहे असे निःशंकपणे म्हटले. श्रद्धावंतांना हे वाक्य जड गेले. यहुदी प्रभातप्रार्थनेत ते घेतले गेले तेव्हा 'अरिष्ट' या शब्दाच्या जागी 'सर्व' हा शब्द आला, आणि तालमुदने या बदलाची चर्चा केली. तत्त्व तेच राहिले. रोज सकाळी ते उच्चारताना जिभेला जे सोसवेना तेवढे सौम्य केले गेले.

श्रद्धावंतांचा व्यवहार

संदेष्ट्यांची परंपरा संपल्यावर पावसाची चिंता संपली नाही. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेतील 'तानीत' हे प्रकरण अवर्षणातील उपवासांचे नियम सांगते. हंगाम सुरू होऊनही पाऊस आला नाही तर उपवास क्रमाक्रमाने कडक होत जातात. धर्मग्रंथाची पेटी गावाच्या चौकात आणून तिच्यावर राख टाकतात. तेव्हा वडीलधारा मनुष्य लोकांना योना संदेष्ट्याच्या कथेची आठवण देतो की देवाने निनवेकरांचे गोणपाट व उपवास पाहिले असे लिहिलेले नाही, त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिले आहे. याच प्रकरणात वर्तुळ आखून त्यात उभा राहणाऱ्या होनीची गोष्ट आहे. पाऊस पडेपर्यंत हलणार नाही म्हणून तो देवाशी हटून बसतो, आणि शिमोन बेन शेताह हा धर्माधिकारी त्याला बहिष्काराची धमकी देतो. पाऊस आणूनही होनी संशयास्पदच राहिला, ही गोष्ट मननीय आहे.

बाबिलोनी तालमुदमध्ये आमोसच्या अडचणीला एक धीट उत्तर सापडते. चोरलेले बी पेरले तर न्यायाने ते उगवू नये. पण जग आपल्या रीतीने चालते, आणि चोराचा हिशेब वेगळा होतो. म्हणजे प्रत्येक पीक आणि प्रत्येक अवर्षण हा निवाडा नव्हे. बाराव्या शतकात मैमोनिदीसने संदेष्ट्यांच्या वाणीतील तारे गळणे, भूमी डळमळणे इत्यादी वर्णने ही राज्यांच्या पतनाची रूपके आहेत असे प्रतिपादन केले. तथापि रूपक म्हणून अर्थ लावणाऱ्या त्याच मैमोनिदीसने संकटात समाजाने एकत्र हाक मारणे आणि आपल्या आचरणाची तपासणी करणे हे धर्मकर्तव्य ठरविले. यातील 'आपल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या आचरणाची तपासणी तेथे सांगितलेली नाही.

ही परंपरा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही पोचली. कोकणातील बेने इस्राएल समाज शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्याने 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाई. नवगावजवळ जहाज फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असे हा समाज मानतो. त्याच्या भक्तीचे केंद्र एलियाहू हनाबी, म्हणजे हाच एलीया. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. नवस फेडताना पोहे, गूळ-साखर, खोबरे व फळे यांचा मलिदा करतात, आणि वृक्षांच्या नववर्षाच्या दिवसाला या समाजात 'एलियाहू हनाबीचा उरूस' असे नाव पडले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात या समाजाचे आचार तपशिलाने नोंदले आहेत. 1948 नंतर समाजाचा बहुतांश भाग इस्राएलला गेला. मलिदा तेथेही होतो. अहाबाच्या देशावरील पाऊस रोखणारा उग्र संदेष्टा, 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या कोकणात नवसाला पावणारा आणि प्रवासात सांभाळणारा झाला.

पर्जन्याच्या प्रार्थनेचे मात्र असे स्थलांतर झाले नाही. 'गेशेम' ही पावसाची प्रार्थना शमिनी अत्सेरेतच्या सणाला, सप्टेंबरअखेर वा ऑक्टोबरमध्ये म्हटली जाते. इस्राएलमध्ये तेव्हा पेरणीची वेळ असते; कोकणात तेव्हा भात कापणीला आलेले असते आणि पाऊस नको असतो. असा प्रश्न प्राचीन काळीही उद्भवला होता. निनवेच्या रहिवाशांनी रब्बी यहुदा हनासी याला विचारले की त्यांना उन्हाळ्यातही पाऊस लागतो, तर तो कोणत्या प्रार्थनेत मागावा. त्यांना उत्तर मिळाले की सार्वजनिक प्रार्थनेचा क्रम बदलू नये; प्रार्थना ऐकणाऱ्या ईश्वराच्या स्तुतीचे जे कलम आहे त्यात प्रत्येकाने आपल्या गावचा पाऊस स्वतंत्रपणे मागावा. या निर्णयाप्रमाणे आषाढातला पाऊस कोकणच्या यहुद्याने मागायचा तो त्या कलमात, आपल्या शब्दांत.